सहा अंश, चार विटा

माझा नवरा साठ दिवस झोपून राहिला आणि त्याबद्दल त्याला प्रमाणपत्र मिळालं. ते आमच्या कोलोनच्या घरात टीव्हीच्या वर लावलेलं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्याकडे बघतो, मग नवऱ्याकडे बघतो आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणतो, "वहिनी, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल!" मी विचारते, चहात साखर किती घालू.

ते झोपणं साधंसुधं नव्हतं, एवढं मी मान्य करते. पलंग उशाकडून सहा अंश खाली कललेला, पाय वर. उशी नाही. एक तरी खांदा कायम गादीला टेकलेला हवा. जेवण आडवं, अंघोळ आडवी, आणि बाकीचं सगळंही आडवंच. असं पडून राहिलं की अंगातलं रक्त डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात, हाडं झिजू लागतात. म्हणजे अंतराळात वजन नाहीसं झाल्यावर माणसाचं जे होतं, ते इथे खाली गादीवर करून बघता येतं. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेला त्यासाठी बारा धडधाकट माणसं हवी होती. त्यातला एक आमचा.

रविवारी बेल वाजली तर सोफ्यावरून उठून दार उघडताना ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, अशा माणसाचा विज्ञानाला अखेर उपयोग झाला. त्या वर्षी त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला होता आणि नवी नोकरी सुरू व्हायला तीन महिने होते. दुसऱ्या कोणी या तीन महिन्यांत तळघरातली खोकी आवरली असती, आठ वर्षांच्या मुलीला मराठी वाचायला शिकवलं असतं. याने कुठून तरी ही जाहिरात शोधून काढली. दोन आठवडे तपासण्या, साठ दिवस झोप, पुन्हा दोन आठवडे तपासण्या. तीन महिने कसे चपखल बसले बघ, असं तो मला दोनदा म्हणाला.

यामागे एक वही आहे. चिंचवडला शाळेत असताना त्याने वर्तमानपत्रातली आणि जुन्या मासिकांतली कात्रणं चिकटवून ती केली होती. अंतराळात गेलेला पहिला कुत्रा, पहिला माणूस, पहिली बाई, यानाबाहेर तरंगलेला पहिला, चंद्रावर उतरलेला पहिला, आणि शेवटी दोन पानं भरून पहिला भारतीय. सगळं पहिलं. दुसऱ्या कोणाचं एकही कात्रण नाही. आम्ही जर्मनीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा ही वही सामानातून आली. माझा मिक्सर, वजन जास्त होतंय म्हणून, विमानतळावरून सासऱ्यांबरोबर परत गेला.

"कोणीतरी पुढे जावंच लागतं गं," फॉर्म भरताना तो म्हणाला.

"पुढे कुठे? गादीवर?"

"तुला नाही कळणार."

हे वाक्य त्याने मला म्हणावं, याहून मोठा विनोद आमच्या संसारात झालेला नाही. का, ते सांगते.

संस्थेत जाण्याआधी घरच्यांसाठी एक माहितीचा दिवस होता. एक उंच, हसतमुख डॉक्टर आम्हाला लांबलचक मार्गिकेतून घेऊन गेले. दोन्ही भिंतींवर उड्डाणाचा इतिहास फोटोंतून मांडला होता. माझा नवरा देवळात आल्यासारखा चालत होता, चपला काढायच्याच काय त्या राहिल्या होत्या. प्रत्येक फोटो त्याला पाठ होता. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत हा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर बरोबर, करत पुढचं सांगून मोकळा होत होता.

मला त्या भिंतीवर मुख्यतः हट्टी पुरुष दिसले, आणि ज्यांना कोणी विचारलं नाही असे प्राणी. सुरुवातीला इथलाच एक जर्मन, पाठीला पंख बांधून टेकडीवरून उड्या मारणारा. उड्या मारत राहिला आणि शेवटी पडून मेला. मग बाल्टिकच्या किनाऱ्यावरून उडालेलं ते रॉकेट, माणसाने बनवलेली अंतराळाच्या हद्दीत शिरणारी पहिली वस्तू. त्याच जातीची रॉकेटं पुढे कैद्यांना जुंपून ढिगाने बनवली आणि शहरांवर सोडली. हेही खाली लिहिलेलं होतं. नवरा वरचा अर्धा भाग मोठ्याने वाचून पुढे सरकला.

मग ती रस्त्यावरची कुत्री. तिला वर पाठवताना परत कशी आणायची हे ठरलेलंच नव्हतं, आणि वर गेल्यावर काही तासांत ती उकाड्याने गेली. तिच्या नावाने पुढे तिकिटं निघाली, पुतळे उभे राहिले. तिच्यापुढे एक चिंपांझी. दांडा वेळेवर ओढला तर केळ्याच्या चवीची गोळी, चुकला तर पायाला विजेचा झटका. परत आल्यावर त्याने दात विचकले, तर लोक म्हणाले हसतोय. पहिली बाई मात्र फोटोत खरीच हसत होती. तिच्यानंतर जवळजवळ वीस वर्षं दुसरी कोणी वर गेली नाही. बाई जाऊ शकते एवढं सिद्ध झालं आणि विषय संपला.

एकच माणूस मला त्यातल्या त्यात बरा वाटला. हा एक लष्करी डॉक्टर होता. रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घ्यायचा, भयंकर वेगाने जायचा आणि खाडकन थांबायचा, वेगाचा आणि धक्क्याचा शरीरावर काय परिणाम होतो ते बघायला. एकदा तर त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. निदान तो स्वतः बसला, दुसऱ्या कोणाला बसवलं नाही.

"आधी तर माणसाला वर घास तरी गिळता येईल का, याचीच शंका होती," डॉक्टर सांगत होते. "गिळता येतो हे कळलं. मग माणसं जास्त दिवस राहायला लागली आणि परत आल्यावर त्यांना उभंच राहता येईना. उचलून बाहेर काढावं लागलं. ती माणसं म्हणायची, आम्ही पलंगावर झोपलो की पायांकडे घसरतोय असं वाटतं. मग त्यांच्या पलंगाचा पायथा उचलला. तेव्हा त्यांना सपाट झोपल्यासारखं वाटू लागलं. त्यावरून ही उशाकडून खाली झोपवायची कल्पना निघाली. फार मोठा टप्पा होता तो."

मी तो पलंग बघितला. पायथ्याकडची उंची बघितली. वीतभर. मी पंपांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, कोन काढायला मला कागद लागत नाही. आणि या कोनासाठी तर डोळेही उघडायची गरज नव्हती.

मुलीच्या वेळी मला पाचव्या महिन्यात त्रास सुरू झाला. आम्ही तेव्हा नवे नवरा-बायको, हा वर्षभराच्या प्रोजेक्टवर इकडे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला आणि मी सासरी चिंचवडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पलंगावरून उठायचं नाही, पायथा उंच करून घ्या. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं. सासरे तिथून चार विटा मागून घेऊन आले आणि पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन सरकवल्या. वीतभर उंची झाली. त्या पलंगावर मी अकरा आठवडे होते. डोकं खाली, पाय वर, जेवण आडवं, अंघोळ म्हणजे ओलं फडकं, आणि बाकीचं सगळं सासूबाईंनी केलं. माझा चेहरा सुजला तर बघायला येणाऱ्या म्हणायच्या, मुलगी होणार, तेज आलंय. माझ्या पोटऱ्या किती बारीक झाल्या ते कोणी मोजलं नाही. आणि मी दिवसभर छताकडे बघत एकाच गोष्टीची वाट बघायचे, पोटात हलतंय का याची. हललं नाही की अंग गार पडायचं.

नवऱ्याचा फोन रविवारी यायचा. असाच एकदा आला. मी म्हटलं, फार कंटाळा आलाय रे, पाठ फुटतेय. तो म्हणाला, "मजा आहे बाबा तुझी! नुसतं झोपायचं."

या वाक्याला नऊ वर्षं झाली. बाळ सुखरूप झालं, हा बारशाला पेढे आणि चॉकलेटं घेऊन आला, आम्ही इकडे आलो, सगळं झालं. ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. मी त्याला कधी सुनावलंही नाही. भांडण करून माफी मागून घेतली तर तिची काय किंमत, असं मला वाटायचं. त्याने आपणहून ते वाक्य परत घ्यावं एवढंच मला हवं होतं. आणि आता हा माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन त्याच कोनात झोपणार होता. म्हणून बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्याची काळजी करत होत्या तेव्हा मी मनात एकच म्हणत होते, याने मध्येच पळून येऊ नये. साठच्या साठ दिवस काढावेत. एकही कमी नाही.

पळून यायचा त्याचा इतिहास मोठा आहे. गिटार, मॅरेथॉन, जर्मनचा वरचा वर्ग, बाल्कनीतले टोमॅटो, सगळं अर्ध्यावर.

तो आत गेला. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्याचा गादीवरचा फोटो फिरला, खाली रॉकेटची चित्रं आणि "आपला अभिमान". एकाने त्याला पृथ्वीवरचा पहिला मराठी अंतराळवीर करून टाकलं. बाकीचे अंतराळवीर कुठे झोपतात ते त्यालाच माहीत. मुलीने वर्गात जाऊन सांगितलं, बाबा अंतराळवीर आहे, "पापा इस्ट आस्ट्रोनाउट." मी म्हटलं, अगं, तो झोपलाय फक्त. तर माझ्याकडे कीव आल्यासारखी बघून म्हणाली, "नाईन, मामा. एर फोर्श्ट." नाही आई, तो म्हणे संशोधन करतोय.

पहिले तीन दिवस व्हिडिओ कॉलवर नुसता उत्साह. चौथ्या दिवशी पाठ दुखायला लागली. सहाव्या दिवशी डोकं. चेहरा असा फुगला होता की डोळे बारीक दिसायचे. मी म्हणायचे, हो का, अरेरे. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं, पण मी ते जपून ठेवलं होतं. अजून पन्नास दिवस होते, घाई नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी कारखान्यात मला फोन आला. संस्थेतल्या आहारतज्ज्ञ बाई. आवाज शांत, पण त्या गोंधळलेल्या होत्या हे कळत होतं.

"तुमचे पती दुपारचं जेवण घेत नाहीयेत. तब्येत उत्तम आहे. ते म्हणतात, चंद्र उगवल्यावर खाईन."

मी डोळे मिटले. संकष्टी. माझ्या लक्षातच नव्हती.

"हे आम्ही कुठल्या रकान्यात लिहायचं?" त्या खरोखरच विचारत होत्या. मग त्यांनी नियम सांगितला. बाराही जणांनी ठरलेलं ताट ठरलेल्या वेळेत, शेवटच्या घासापर्यंत खायचं. ताटात उरलेलंही वजन करून लिहितात. एक जेवण चुकलं तर बाकीच्यांशी तुलना करता येत नाही आणि त्या माणसाला अभ्यासातून काढावं लागतं. दोनपर्यंतची वेळ आहे. तेव्हा साडेबारा झाले होते.

जिथे माणूस चंद्रावर जाऊन आल्याचे फोटो भिंतीभर लावलेत, तिथे आमचा माणूस चंद्र उगवला नाही म्हणून उपाशी होता.

मी जिन्यात जाऊन त्याला कॉल लावला. पडद्यावर सुजलेला चेहरा आला, बाजूच्या ट्रेमधून वाफ येत होती.

"अरे, तुला वेड लागलंय का? जेव."

"आल्झो, म्हणजे ऐक ना. मी त्यांना म्हटलं, इथला नको, पुण्याचा चंद्रोदय धरू. तो इथल्या साडेचारलाच होतो. चार वाजून तीस मिनिटांनी मी सगळं खातो, चाटूनपुसून. तर त्या नाही म्हणतात."

"फॉर्मवर विचारलं होतं ना, काही पथ्य, काही विशेष आहार?"

"हो, मी तिथे 'नाईन' लिहिलं, काही नाही म्हणून. उपवास हा काय आहार आहे का? उपवास म्हणजे न खाणं."

आहे हे असं आहे. मायदेशी इंजिनीअर, इथे सिनिअर डेव्हलपर, आणि तर्क हा.

"तुझ्या आईसाठी किती दिवस हे करणार तू? चाळिशी आली," मी म्हटलं. दर महिन्याला मी हेच म्हणत आले होते. इथे उन्हाळ्यात चंद्र इतक्या उशिरा उगवतो की हा बाल्कनीत ताटकळत बसायचा आणि मी टोमणे मारून झोपायला जायचे. आईच्या पदराला धरून कोलोनपर्यंत आलास, असं एकदा पाहुण्यांसमोरही म्हणाले होते. तो नुसता हसला होता.

आताही तो हसला. "नाही गं, मोडता येत नाही तो. जाऊ दे. काढतील तर काढू देत."

काढू देत! नऊ दिवसांत! अकरा आठवड्यांपुढे नऊ दिवस, आणि हा उठून घरी येऊन सोफ्यावर बसणार, पाठ दुखत होती म्हणून सांगणार. मला इतका संताप आला की मी कॉल कापला आणि तिथूनच चिंचवडला सासूबाईंना फोन लावला. तिकडे पाच वाजले होते.

"अहो आई, तुमच्या मुलाला सांगा संकष्टी सोडायला. तुमचंच ऐकेल तो. नाहीतर त्याला तिथून बाहेर काढतायत."

"मी सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, मी कुठे धरायला सांगितली? मी स्वतः धरत नाही, मला पित्त होतं."

"मग कोणी सांगितली?"

"तुझ्या वेळची आहे ती. तू पलंगावर होतीस ना, विटा लावून. तेव्हा एकदा मला वेगळा फोन करून म्हणाला, आई, मी इथून काय करू? मला काहीच करता येत नाही. मी म्हटलं, तू काय करणार तिथून, एखादी संकष्टी धर. तेव्हापासून धरतोय. मला बजावलं होतं, तिला सांगू नकोस, ती हसेल."

मी हसलेच असते, हे खरं आहे. त्याला माझी पुरती ओळख होती.

आता इथे माझं मन विरघळलं असं लिहायला हवं. तसं काही झालं नाही. मला आधीपेक्षा जास्त राग आला. नऊ वर्षं हा माणूस माझ्यासाठी उपाशी राहत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला उपवास नको होता. मला तो तिथे हवा होता, आणि ते जमत नव्हतं तर निदान फोनवर एक धड वाक्य हवं होतं. "काहीच करता येत नाही" हे त्याने आईला सांगितलं आणि मला काय सांगितलं, तर मजा आहे बाबा तुझी. गणपतीला कळलं, सासूबाईंना कळलं, पलंगावर पडलेल्या बाईला सोडून सगळ्यांना कळलं. आणि मीही कमी नाही. मी नऊ वर्षं त्याच्या उपाशीपणाला हसत होते.

मी पुन्हा कॉल लावला. एक वाजून गेला होता.

"उपवास कोणासाठी आहे?"

"आईने सांगितलं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

"हसले असते. मग? हसले असते तर निदान हसले तरी असते त्या पलंगावर. तू मला तेव्हा काय म्हणाला होतास आठवतंय?"

"काय?"

जपून ठेवलेलं वाक्य मी बाहेर काढलं. "मजा आहे बाबा तुझी, नुसतं झोपायचं."

तो आठवत राहिला. त्या सुजलेल्या चेहऱ्यावर मला ते आठवणं दिसत होतं, एकेक कप्पा उघडून बघावा तसं. काही सापडलं नाही.

"मी असं म्हणालो?"

नऊ वर्षं मी उराशी धरून बसले ते वाक्य त्याच्याकडे नव्हतंच. मला रडू आलं आणि ते लपवायला मी आणखी चढ्या आवाजात बोलले. "हो, म्हणालास. आता तो उपवास माझ्यासाठी होता ना? मग मी सोडवते. मी बरी आहे, मुलगी शाळेत गेलीये, आम्ही दोघी जिवंत आहोत. जेव. आणि साठ दिवस त्या गादीवरून हलू नकोस. एक दिवस आधी आलास तर मी दार उघडणार नाही."

"असं सोडवता येतं का?"

"येतं. जेव."

त्याने मान वळवली, एक खांदा गादीला टेकवून ठेवत ट्रे ओढला आणि खाऊ लागला. उकडलेले बटाटे, कसलीशी शेंगांची भाजी. आडवं पडून खाताना घास गालात अडकतो, गिळायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. मी कॉल चालू ठेवला. तो कोपऱ्यातला शेवटचा बटाट्याचा तुकडा खाईपर्यंत मी बघत होते. दोनच्या आत आहारतज्ज्ञ बाईंचा मेसेज आला, सगळं संपवलं.

त्यानंतर कॉलवरचं बोलणं बदललं. रॉकेटं कमी झाली. तो रोज एखादा प्रश्न विचारायचा आणि मी उत्तर द्यायचे, तुटक. तुझं डोकं दुखायचं का? दुखायचं. केस कसे धुवायचे? धुतले नाहीत. अकरा आठवडे? दोनदा, आईंनी, पलंगाखाली बादली ठेवून. दिवसभर काय करायचीस? छताला किती खिळे आहेत ते मोजायचे. तिसाव्या दिवसानंतर केव्हातरी त्याने विचारलं, "मला माहितीय मी कुठल्या तारखेला उठणार. तुला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. मला हेही माहीत नव्हतं की उठेन तेव्हा बाळ असेल का. पुढच्या संकष्टीला दुपारी त्याने रिकामं ताट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. मी मान हलवली. वाक्य मात्र त्याने परत घेतलं नव्हतं, आणि मी ते मागणार नव्हते.

साठ दिवस झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी शेवटपर्यंत नेलं. उभं करताना म्हणे त्याला आधी पट्ट्यांनी बांधून फळीसकट हळूहळू सरळ केलं आणि सहाव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती मिनिटंसुद्धा नीट नोंदवून ठेवली. आणखी दोन आठवड्यांनी तो बॅग आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आला. मी त्याला स्टेशनवरून घेऊन आले. ग्रुपवर सत्काराच्या शालीची चर्चा चालू होती.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी इमारत आहे, लिफ्ट नाही. पहिला मजला तो बोलत बोलत चढला. दुसऱ्यावर थांबला. सपाट चालणं ठीक होतं, पण जिना चढताना त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, पँटमधूनही दिसत होतं. त्याने भिंतीवर तळवा टेकला.

"तू पहिल्यांदा उठलीस," तो म्हणाला, "तेव्हा कोणी धरलं होतं?"

"कोणी नाही. आई कुकर लावायला गेल्या होत्या. भिंत होती."

तो आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. वरून मुलीने दार उघडल्याचा आवाज आला, ती ओरडत होती.

"म्हणालो असेन मी तसं," तो म्हणाला. "मजा आहे वगैरे. मला आठवत नाही, पण म्हणालोच असेन. मूर्ख होतो गं मी. कसली मजा."

एवढंच. मी त्याच्या हातातली बॅग घेतली, प्रमाणपत्राची सुरळी काखेत धरली. हात दिला नाही, त्याच्याजवळ भिंत होती. तो एकेक पायरी चढू लागला आणि मी त्याच्यामागून, बरोबर एक पायरी खाली राहून चढले, पडला तर माझ्यावर पडावा म्हणून.